घटस्फोटानंतरच्या घरावरची कॉमेडी सिरीयल सुचवा की

मंडळी, जरा मदत हवीय. माझी ताई घटस्फोटानंतर लेकीला घेऊन सोलापुरात आमच्याकडंच राहते आणि रात्री भाकरी-शेंगाचटणी झाली की आम्ही दोघी मोबाईलवर 'रीबा' बघत बसतो, २००१ ते २००७ ची अमेरिकन सिटकॉम आहे, सहा सीझन. नवरा डेंटिस्ट, तो स्वतःच्या क्लिनिकमधल्या बाईपायी रीबाला सोडतो, अन् मजा म्हणजे ती नवी बायको बार्बरा जीन खलनायिका नाहीच, उलट रीबाशीच मैत्री करायला सारखी तिच्या घरात येऊन बसते! रीबा टोमणे मारते, हिला कळतच नाही.

आपल्या सिरीयलीत अशी बाई एकतर देव्हाऱ्यापुढं रडत बसते नाहीतर शेवटी त्याच नवऱ्याकडं परत जाते. मधलं रोजचं, म्हणजे पोरीची फी कोण भरणार, पेरेंट मीटिंगला दोघं जायचं का, दिवाळीचा फ्रॉक कुणी घ्यायचा, यावर हसवायचं कुणाला सुचतच नाही वाटतं. ताईला नेमकं तेच आवडतंय.

अडचण आईची. तिला इंग्रजी येत नाही, "काय झालं गं, का हसताय?" विचारते, आम्ही सांगेपर्यंत पुढचा जोक गेलेला असतो.

तर मराठी-हिंदीत असं काही आहे का? डब केलेलं पण चालेल, फक्त भाची शेजारीच असते म्हणून चावट नको. आणि शेवटी परत लग्न लावून देणारी तर अजिबातच नको.