ट्रॅव्हलरमध्ये घर केलंय. नागपूरच्या कडेला, बेसाकडे, चार रात्री गाडी कुठे उभी करावी?

संत्रावाला_वरुड

राम राम मंडळी. प्रश्न जरा उलटा वाटेल. लोक असल्या गाड्या घेऊन मेळघाटात जातात, चिखलदऱ्याला जातात. मला नागपूरच्या कडेला जाऊन राहायचं आहे, फ्लॅटच्या गर्दीत.

गाडी 2011 ची ट्रॅव्हलर. आधी वऱ्हाडाच्या भाड्याला चालायची, आता रंग उडालेला. मागच्या उन्हाळ्यात सीटा काढल्या आणि गावच्या मिस्त्रीकडून सागवानाचे दोन दिवाण करून घेतले. खाली कप्पे, मधे चिंचोळी वाट. मागच्या दाराशी 200 लिटरची टाकी, 150 एएचची (अँपिअर-अवर) ट्यूबलर बॅटरी, टपावर सोलरची एक प्लेट, पाच किलोचं सिलिंडर. पोर्टेबल पॉटीही घेतली, 20 लिटरची. तिला घरात सगळे हसतात आणि रात्री दोन वाजता तीच लागते.

जायचं कशासाठी ते सांगतो. बहीण बेसाला राहते. दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा 74 वर्षांचे, दोन्ही गुडघे गेलेले. त्यात त्यांचा जुना हट्ट, लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही. तिच्या लग्नाला 11 वर्षं झाली. सकाळच्या एसटीने जायचं, जेवलं की नातीच्या हातावर पैसे ठेवायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत. आता एसटीत चढणंच होत नाही. गाडी तयार झाली तशी त्यांनी दोन चकरा मारून पाहिली आणि म्हणाले, "तुही गाडी तिच्या दारात लाव. मी गाडीत झोपतो. गाडी त आपलीच हाये ना?"

म्हणून दिवाळीत एक रात्र करून पाहिली. फजिती झाली. बहिणीच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत, रस्त्याच्या कडेला गाडी लावली, पडदे ओढले, झोपलो. सव्वाबाराला काचेवर टॉर्च. लेआउटचेच दोघं जण, "कोणाकडे आलात? किती जण आहेत आत?" बहीण खाली धावत आली, अंगावर शाल ओढून. बाबा दिवाणावर टोपी घालून ताठ बसलेले, त्यांना वाटलं पोलीसच आले. त्या दोघांची चूक म्हणत नाही, आमच्या पांदणीवर मध्यरात्री अशी गाडी दिसली तर मीही काठी घेऊन गेलो असतो. पण तिथून गाडी काढावी लागली. चार किलोमीटरवर एका पेट्रोल पंपावर रात्र काढली, हॅलोजन थेट डोळ्यांत. पहाटे पाचला बाबांना जायचं तर पंपाच्या संडासाला कुलूप, आणि पॉटी आधीच भरलेली.

आता आंबिया बहाराची संत्री उतरली की पुन्हा जायचं म्हणतोय. आई, बाबा, बायको, दोन पोरं आणि मी. चार रात्री. गाडी कुठे लावू, पाण्याचं कसं करू, आणि या बॅटरीवर आईचा पाणी तापवायचा रॉड चालेल का? तिला गार पाण्याने आंघोळ जमत नाही.

---

स्टेपनी

भाऊ, पंपावर राहायचं असेल तर अंधार पडायच्या आधी जायचं आणि डिझेल भरतानाच विचारायचं. रात्री जाऊन कोपऱ्यात गाडी लावली की वॉचमनला संशय येतोच. आणि पंपाच्या आवारात गॅस पेटवायचा नाही, चहालासुद्धा. ढाब्यावर जेवलं की रात्रभर उभं राहू देतात, मी अशा कितीतरी रात्री काढल्या. पण ते एका रात्रीचं काम आहे. चार रात्री म्हाताऱ्या माणसांना ढाब्यावर ठेवू नका, रात्रभर ट्रक येतात-जातात.

रस्ता सांगतो. वरुडहून काटोलमार्गे याल तर शहरात घुसू नका. फेटरीहून आउटर रिंग रोड धरा, हिंगण्याकडून जामठ्याला क्रिकेट स्टेडियमजवळ वर्धा रोडवर निघाल. तिथून बेसा जवळ. आणि टपावरच्या प्लेटसकट गाडीची उंची टेप लावून मोजा, आकडा स्टेअरिंगसमोर लिहून ठेवा. नागपुरात रेल्वेखालचे बोगदे आहेत, काही लेआउटच्या तोंडाशी लोखंडी आडवे दांडे आहेत. मान वर करून अंदाज घेत बसू नका.

---

बेसावाली

मी इथलीच आहे, त्यामुळे त्या टॉर्चवाल्यांची बाजूही माहीत आहे. आमच्याकडे बरीच घरं दिवसभर बंद असतात, चोऱ्या होतात, अनोळखी गाडी दिसली की ग्रुपवर फोटो पडतो. रस्त्यावर राहायचा विचार सोडा दादा.

तुम्ही जानेवारीच्या आसपास येणार म्हणजे पौष. पौषात लग्नं नाहीत. बेसा, घोगली, पिपळा या पट्ट्यात लग्नाचे लॉन किती आहेत ते तुमच्या बहिणीला विचारा. सगळे रिकामे पडलेले असतात. भिंतीचं आवार, फाटक, चौकीदार, नळ, ओळीने संडास, स्वयंपाकाच्या शेडमध्ये विजेचे पॉइंट. तुम्हाला आणखी काय पाहिजे? मालकाला भेटून चार रात्रींचे पैसे ठरवा. मुहूर्ताच्या दिवशी तो दारात उभं करणार नाही, पण पौषात येईल तो रुपया त्याला पाहिजेच असतो. फोनवर ठरवू नका, बहिणीच्या नवऱ्याला समोर पाठवा. पावती घ्या आणि गाडीचा नंबर तिथल्या वहीत लिहायला लावा. एमएच-27 ची, अमरावतीकडची गाडी इथे चार दिवस दिसली की कोणीतरी विचारणारच, तेव्हा चौकीदाराने उत्तर द्यायचं, बाबांनी नाही.

पाणी घरून भरून आणा. या भागात बरेच लेआउट बोअरवर आणि टँकरवर आहेत, चव खारट. लॉनचं पाणी भांड्यांना, आंघोळीला वापरा. पॉटीही लॉनच्या संडासातच रिकामी करायची, त्यांना आधी सांगून. रस्त्याकडेच्या नालीत ओतली तर तुमच्या बहिणीला वर्षभर ऐकावं लागेल. खरकटं पाणीसुद्धा जमिनीवर सोडू नका, खाली एक बादली ठेवा.

आणि पोरांना दिवसभर गाडीत कोंडू नका. खापरी मेट्रो स्टेशन जवळ आहे. तिथून सीताबर्डी, तिथे गाडी बदलून लोकमान्य नगरकडे. अंबाझरी तलाव वरून दिसतो. आमच्या गावाकडच्या पाहुण्यांना मी आधी हेच दाखवते, दीक्षाभूमी त्यानंतर.

---

परतवाडा_गॅरेज

रॉड विसरा. हिशेब बघा. 150 एएच गुणिले 12 व्होल्ट म्हणजे 1800 वॅट-अवर. ट्यूबलर बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य कमी होतं, म्हणजे हाताशी 900. रॉड 1500 वॅटचा, अर्धा तास चालला की 750 गेले. एका बादलीत अख्खी रात्र संपली. तेही इन्व्हर्टरने ओढला तर, घरगुती छोटा इन्व्हर्टर आधीच ओव्हरलोड होऊन शिट्टी मारेल. पौषात पंखा लागणार नाही. दोन दिवे आणि मोबाइल एवढंच असेल तर प्लेटला चांगलं ऊन मिळून चारही दिवस निघतील. आंघोळीचं पाणी लॉनच्या पॉइंटवर तापवा, वायर जाड न्या. प्लग गरम लागला की लगेच काढा.

बॅटरी दिवाणाखाली बंद कप्प्यात ठेवली असेल तर आजच बाहेर काढा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो वर जातो. एलपीजी उलट, हवेपेक्षा जड, फरशीला साचतो. म्हणजे बॅटरीच्या कप्प्याला वरून भोक पाहिजे आणि सिलिंडरच्या कप्प्याला खालून. दोन्ही शेजारी ठेवू नका. थंडी वाजते म्हणून सिगडी तर बिलकुल आत घ्यायची नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, सकाळी माणूस उठत नाही. गोधड्या न्या.

वजनाचं बोलतो. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो, आणि तुम्ही ते मागच्या दाराशी ठेवलं. वर सागवान! कोण होता तो मिस्त्री? मागचा एक्सल दबतो, पुढचं हलकं होतं, ब्रेक मारला की गाडी नाचते. टाकी मागच्या चाकांच्या पुढे, खाली सरकवा. दिवाणाला प्लायवूड चाललं असतं.

कागदांचं काय? सीटा काढल्या म्हणजे आरसीवरची आसनसंख्या आणि गाडी जुळत नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बदलाला आरटीओची मंजुरी लागते, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस 124 असं वेगळं मानक आहे. 2021 ला राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं, पण त्याने घरी केलेली जुळवाजुळव आपोआप कायदेशीर होत नाही. अपघात झाला तर विमावाला पहिलं बोट इथेच ठेवतो. आरटीओत जाऊन लेखी विचारा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

---

दोन_नंबर_सीट

एवढ्या पैशात चार रात्री लॉजवर निघाल्या असत्या.

---

संत्रावाला_वरुड

निघाल्या असत्या. बाबांनी लॉजचं नाव काढताच विचारलं, "आपण काय कोर्टाच्या तारखेले चाललो काय?"

गॅरेजवाले भाऊ, मिस्त्री माझा मावसभाऊ आहे, तुमचं सगळं त्याला वाचून दाखवलं. बॅटरी कप्प्यातून निघाली, टाकी सरकवली. सागवान आता निघत नाही. आरसीचा अर्ज घेऊन अमरावतीला आरटीओत जाऊन आलो, तिथून परवानगी मिळेपर्यंत निघत नाही.

---

संत्रावाला_वरुड

परवानगी मिळाली, जाऊन आलो. ताई, तुमचा लॉन लागू पडला.

बहिणीच्या घरापासून पायी सात मिनिटं. मालकाने आधी "शूटिंग आहे का?" म्हणून विचारलं, मग चौकीदाराच्या खोलीमागे जागा दिली. फरशीची जागा, गाडी एकदम सपाट उभी राहिली. बाबांसाठी कमोडचा संडास निघाला, नवरदेवाच्या खोलीतला. त्यामुळे पॉटी फक्त रात्रीपुरती लागली. पाणी मात्र मी चुकलो. 200 लिटर चार दिवस पुरेल असं वाटलं होतं, दुसऱ्याच संध्याकाळी टाकी वाजायला लागली. पोरांनी हात धुताना नळ सोडून दिला होता. पुढच्या वेळी पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये.

तिसऱ्या रात्री थंडी कडक होती. काचांना आतून एवढं पाणी सुटलं की बायकोच्या उशीवर थेंब पडले. सहा जणांचा श्वास. एक काच दोन बोटं उघडी ठेवली तेव्हा थांबलं. गोधडी दोन जास्तच असावी.

पोरं मेट्रोत दोनदा बसली. आई एकदा बसली आणि खापरीला परत उतरेपर्यंत तिने खांब सोडला नाही.

बाबांची जागा दुसऱ्याच दिवशी ठरून गेली. लॉनच्या स्टेजवर नवरा-नवरीचा लाल मखमलीचा सोफा होता, वर प्लास्टिक टाकलेलं. चौकीदाराने प्लास्टिक काढून दिलं. सकाळी नऊला तिथे ऊन यायचं. बाबा पाय लांब करून त्यावर बसायचे, मागे थर्माकोलची अर्धी तुटलेली अक्षरं, 'शुभ वि'. बहीण रोज तिथे डबा घेऊन यायची. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. म्हणजे जेवण लेकीच्या हातचंच, फक्त घर तिचं नाही, हे त्यांना चाललं. पहिल्या दिवशी रिकाम्या डब्यात शंभराची नोट घालून पाठवली. बहिणीने ती दुसऱ्या दिवशी भाकरीखाली ठेवून परत आणली. चारही दिवस तीच नोट येत-जात होती, शेवटी तिला ठेच्याचं तेल लागलं.

शेवटच्या सकाळी मांडववाले आले, कोणाच्या तरी वाढदिवसाचं काम होतं. सोफा हलवायचा म्हणाले. बाबा उठले, त्यांना खुर्च्या कुठे लावायच्या ते दोन मिनिटं सांगितलं आणि मग गाडीत येऊन बसले.