एमजीबीच्या सिल सडल्यात, आधी इंजिन का आधी बॉडी?

ताडपत्रीवाला:
नमस्कार मंडळी, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात कव्हेंट्रीजवळ असतो. उघड्या टपाच्या गाडीची हौस कॉलेजपासून होती ती शेवटी मागच्या महिन्यात भागवली, १९७३ ची एमजीबी रोडस्टर घेतली, म्हणजे जुनी ब्रिटिश दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी, क्रोम बंपरवाली. एका आजोबांच्या शेडमध्ये कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. स्वस्तात मिळाली म्हणून मी खुश आणि बायको गप्प, यावरून काय ते समजून घ्या.

इंजिन हाताने फिरतंय, गिअर पडतायत. पण दाराखालची सिल (बॉडीच्या कडेचा पोकळ पत्र्याचा पट्टा) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितली तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत. दुसऱ्या बाजूला पण तेच. सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात त्याच्या पेट्यांतून तर खालची फरशी दिसते.

माझा प्लॅन असा की येत्या शनिवारी गाडी चार स्टँडवर चढवायची, दारं, टप, सीटा सगळं उतरवायचं आणि दोन्हीकडच्या सिल एकदमच ग्राइंडरने कापून नवीन लावायच्या. सेकंडहँड मिग वेल्डर घेतलाय, भंगार पत्र्यावर सराव चालू आहे. का आधी इंजिन चालू करून बघू? गॅरेज एका गाडीपुरतंच आहे आणि त्यात वॉशिंग मशीन पण आहे.

आटे_गेलेला_बोल्ट:
शनिवारी ग्राइंडरला हात लावू नकोस, एवढं ऐक!! मी लेस्टरला एमजीबी जीटी केली आहे घरी, साडेचार वर्षं लागली, त्यातलं एक वर्षं माझ्याच चुका निस्तरण्यात गेलं.

या गाडीला वेगळी चॅसिस नाहीये, बॉडी हीच चॅसिस. जीटीला निदान डोक्यावर पत्र्याचं छप्पर असतं ते थोडा भार घेतं, तुझ्या रोडस्टरला पुढचा आणि मागचा भाग धरून ठेवणाऱ्या मुख्य गोष्टी म्हणजे त्या दोन सिल आणि दोन सीटांच्या मधला गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा. दोन्ही सिल एकदम कापल्यास तर गाडी मधोमध वाकणार, आणि वाकलेल्या अवस्थेत नवीन पत्रा वेल्ड केलास की ती जन्मभर तशीच राहणार, मग दार कितीही ठोक, बसायचं नाही.

आणि दारं काढू नकोस, तीच तुझी मोजपट्टी. आत्ता गाडी चाकांवर सपाट जागी उभी असताना दाराच्या मागच्या कडेची फट वर किती आणि खाली किती ते मोज. वर कमी खाली जास्त असेल तर गाडी आधीच मधे बसली आहे असं समज. मग दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा आडवा टेकू वेल्ड करायचा, पण असा की दार त्याच्यावरून बंद झालं पाहिजे. एका वेळी एकच बाजू. नवीन पत्रा आधी नुसता क्लॅम्पने धरायचा, दार लावून फट बघायची, मगच टाके मारायचे.

अजून एक, बाहेरची सिल म्हणजे फक्त वरचं साल. आत उभा पत्रा आहे, त्याच्या आत आतली सिल आणि खाली ती तटबंदीसारखी दातेरी पट्टी, तिला इकडे कॅसल रेलच म्हणतात. नुसती बाहेरची बदलून आतली कुजकी ठेवणारे खूप असतात, तुझ्या गाडीवर पण कुणीतरी तो उद्योग केलेला असायची शक्यता आहे, उघडल्यावर कळेल.

रंकाळ्याचा_पद्मिनीवाला:
भावा मी एमजी फक्त फोटोत बघितल्या, पण आमच्या वडिलांची पद्मिनी घरच्या अंगणात केली त्यावरनं सांगतो. इंजिनाचा नाद आधी लागतोच, ते सुरू झालं की काळीज सुपाएवढं होतंय, आणि मग पत्र्याचं काम नकोसं होतंय. आमचं तेच झालं. इंजिन फाडफाड चालू आणि फ्लोअर नाही, दोन पावसाळे तशीच उभी. त्यामुळं प्लगच्या भोकातनं थोडं थोडं तेल सोडून ठेव, अधनंमधनं हातानं फिरव, बास.

आणि सगळं एकदम सोडू नको रे. एक कोपरा सोडला की त्याचे नट बोल्ट त्याच पिशवीत, वर चिठ्ठी, आणि सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो. आमच्या मिस्त्रीनं सगळे एका डालड्याच्या डब्यात टाकले होते, पुढं काय झालं विचारू नकोस 😅

आटे_गेलेला_बोल्ट:
पिशव्यांचं शंभर टक्के. आणि पाने इंचातले घे, हिचे बोल्ट बहुतेक सगळे यूएनएफ, म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्यांचे आहेत. अर्ध्या इंचाला १३ मिमीचा पाना बसतो खरा पण तो किंचित सैल, गंजलेल्या नटाचे कोपरे पहिल्याच झटक्यात जातात. माझं नाव उगाच नाहीये.

एडिसनकर:
न्यू जर्सीतून लिहितोय. इतका सडलेला सांगाडा असेल तर अख्खी नवीन बॉडी पण मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीच्या बॉड्या बनवतंय. किंमत बघून घाम फुटेल पण पत्रे सुटे घेऊन स्वतःचे तास धरले तर हिशोब करून बघायला हरकत नाही. दुसरा मार्ग म्हणजे इकडच्या कॅलिफोर्निया, ॲरिझोनासारख्या कोरड्या भागातली गाडी. पाच लाखांवर एमजीबी बनल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेतच आल्या होत्या, आणि त्या कोरड्या भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकत नाहीत.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी काढून गॅरेजच्या बाहेर ठेव, बॅटऱ्यांच्या वायरी सोड, आतलं कार्पेट काढ. खाली जो डांबरासारखा थर असतो तो पलीकडच्या बाजूने पेट घेतो आणि तुला मास्कमधून दिसत पण नाही. मला शेजाऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवा आणि काम संपल्यावर तासभर तिथेच बस. मागच्या ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नकोस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

ताडपत्रीवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवार रद्द. आत्ता ऑफिसातून आल्यावर टॉर्च घेऊन फट मोजली. ड्रायव्हरच्या बाजूला वर ३ मिमी, खाली ८. दुसऱ्या बाजूला वर ४, खाली ६. म्हणजे बसलीच आहे ना? नवीन बॉडीचा आकडा बघितला, घरात बोलायची हिंमत नाही. आणि पेट्रोलचं काय, इथे २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं.

आटे_गेलेला_बोल्ट:
हो बसली आहे, पण हाताबाहेर नाही गेलेली. टेकू आडव्या पाइपऐवजी मधे टर्नबकल असलेला कर, म्हणजे आटा फिरवून लांबी कमीजास्त करता येते. गाडीखाली मध्यावर लाकडाचा जाड ओंडका ठेवून जॅकने अगदी हळू उचल, दर वेळी फट मोज, वरखाली सारखी झाली की टर्नबकल घट्ट. उचलताना कुठे पत्रा चिरल्याचा आवाज आला तर तिथेच थांब आणि फोटो टाक इथे. ड्रायव्हरची बाजू आधी घे, तीच जास्त खराब दिसते.

इथेनॉल जुने रबरी पाइप खातं, त्यामुळे टाकीपासून कार्बुरेटरपर्यंत सगळे पाइप बदल, ई१० ला, म्हणजे या १० टक्केवाल्या पेट्रोलला चालणारे. पंपावर सुपर अनलेडेड (जास्त ऑक्टेनचं पेट्रोल) घे, त्यात इथेनॉल बहुतेक ठिकाणी ५ टक्क्यांपर्यंतच असतं. पण ते पुढच्या वर्षीचं बघू.

रंकाळ्याचा_पद्मिनीवाला:
पुढच्या वर्षीचं म्हणतोय बघा, साडेचार वर्षं लावणारा माणूस 😂 ताडपत्री फेकू नको म्हणजे झालं.