डेटाबेस व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेला आभासी संगणक) ठेवावा की स्वतंत्र सर्व्हरवर? (चर्चा)

पर्वरीहून:
एकाच होस्टवर (व्हीएम चालवणारा खरा सर्व्हर) डेटाबेस, टॅली, फाइल सर्व्हर आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग कोंबायचं, आणि ऐन सीझनमध्ये हॉटेलच्या काउंटरवर बुकिंगची स्क्रीन अडकली की सॉफ्टवेअरला दोष द्यायचा, हे थांबलं पाहिजे. डेटाबेसला वेगळा सर्व्हरच हवा. प्रत्येक कमिट (व्यवहार पक्का करणं) त्याच्या नोंदीचा लॉग डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं. शेजारच्या व्हीएमचा बॅकअप सुरू झाला की ते त्याच्या रांगेत मागे पडतं. शिवाय चार पातळ्यांच्या पेज टेबलात (मेमरीचे पत्ते शोधायचा तक्ता) टीएलबी (प्रोसेसरमधली अलीकडच्या पत्त्यांची कॅश) चुकला तर व्हीएमशिवाय थेट सर्व्हरवर मेमरीची 4 वाचनं होतात, व्हीएममध्ये 24 पर्यंत.

फोंड्याहून:
24 बरोबर, पण निष्कर्ष पटत नाही. गेस्ट (व्हीएममधली ऑपरेटिंग सिस्टीम) आणि होस्ट दोन्हीकडे 2 एमबीची ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पानं) लावली की ती 15 वर येतात, आणि टीएलबी चुकण्याचं प्रमाणच खूप घटतं. पोस्टग्रेस डेटाबेसचे शेअर्ड बफर्स (त्याची स्वतःची मेमरीतली कॅश) 16 जीबी असतील तर 8192 पानं आणि वर थोडी; पोस्टग्रेस 15 पासून नेमका आकडा सर्व्हरच सांगतो.

खरा घात होतो तो वाटपात. 16 कोअरच्या होस्टवर 40 व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले आभासी प्रोसेसर) वाटले तर रांग लागणारच. लिनक्स गेस्टमध्ये 'टॉप' कमांडचा 'एसटी' आकडा (खऱ्या प्रोसेसरची वाट बघण्यात गेलेला वेळ) बघा. व्हीएमवेअर या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 20 सेकंदांच्या आलेखात एका व्हीसीपीयूमागे 1000 मिलिसेकंद 'रेडी' (तीच वाट बघणं) म्हणजे 5 टक्के. त्याच्या वर गेलं तर आधी शेजाऱ्यांचे व्हीसीपीयू कमी करा. मेमरी पूर्ण रिझर्व्ह करा, नाहीतर बलून ड्रायव्हर (होस्टसाठी गेस्टकडून मेमरी परत घेणारा) गेस्टची पेज कॅश (मेमरीत ठेवलेला फाइलींचा डेटा) खाऊन टाकतो.

पर्वरीहून:
बाब, मेमरी पूर्ण राखीव, कोअर राखीव, डिस्क वेगळी. मग व्हीएम करून वाचवलं काय?

फोंड्याहून:
मशीनवरचं अवलंबन. मृगाच्या विजांनी मदरबोर्ड गेला, आणि दुसऱ्या होस्टवर रेप्लिका (डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) चालू असेल, तर नव्या बोर्डाची वाट बघत बसावं लागत नाही. फक्त स्नॅपशॉटला (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती) बॅकअप समजू नका. त्यानंतरचे बदल साठवणारी डेल्टा फाइल वाढत जाते आणि ती मिटवताना व्हीएम क्षणभर गोठते. व्हीएमवेअर स्वतःच सांगते, एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

मडगावहून:
दोघांनीही वीज जाण्याचा मुद्दा सोडला. क्यूईएमयूमध्ये (व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) वेगासाठी डिस्कची कॅश 'अनसेफ' ठेवली तर गेस्टची फ्लशची (डेटा आत्ताच डिस्कवर लिहिण्याची) मागणी सरळ दुर्लक्षिली जाते. चाचणीत आकडे झकास दिसतात, पण होस्टची वीज गेली की अर्धवट लिहिलेली पानं हाती येतात. कॅश 'नन' ठेवा आणि वीज गेली तरी लेखन जपणाऱ्या कपॅसिटरची एसएसडी घ्या. 'पीजी टेस्ट एफसिंक' (डिस्कवर पक्कं लिहिण्याचा, म्हणजे एफसिंकचा, वेग मोजणारं पोस्टग्रेसचं साधन) गेस्टमध्येच चालवा. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते. तिच्यावर हजारो एफसिंक दिसले आणि कंट्रोलरला बॅटरी नसेल, तर मधली कुठलीतरी कॅश खोटं बोलते आहे.

पर्वरीहून:
हे मान्य, पण हा धोका थेट सर्व्हरवरही असतो. व्हीएममध्ये तपासायचा थर एक जास्त, एवढंच माझं म्हणणं. यूपीएसचंही तसंच: आधी डेटाबेसची व्हीएम बंद व्हायला हवी, मग होस्ट. होस्टची शटडाउन मुदत चेकपॉइंटला (डेटाबेसने मेमरीतले बदल डिस्कवर लिहून संपवणं) लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असेल तर व्हीएम प्लग ओढल्यासारखीच बंद होते.