मदत हवी आहे: २० वॅटचा डायोड की ४० वॅटचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या ट्यूबचा) लेझर?

माझ्याकडे १० वॅट ऑप्टिकल पॉवरचा (म्हणजे प्रत्यक्ष किरणाची ताकद) डायोड लेझर कटर आहे. एअर असिस्ट (कापायच्या जागी हवेचा झोत) लावून ३ मिमी प्लाय कापतो, पण आत गोंदाचा थर जाड असला की कड काळी पडते आणि तुकडा सुटत नाही. लेन्स पुसली, फोकस पुन्हा लावला, वेग कमी करून दोन पास दिले, फरक जेमतेम. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून ४५० नॅनोमीटरचा निळा किरण आरपार जातो, म्हणजे तिथे डायोड कितीही वाढवला तरी उपयोग नाही, हे माहीत आहे. पण ते क्वचितच लागतं, रोजचं काम प्लायचंच. जागा एका टेबलापुरती, धूर पाइपने खिडकीबाहेर सोडतो.

दोन्ही वापरलेल्यांनी सांगावं: प्लायसाठी २० वॅटचं डायोड मॉड्यूल (लेझरचं डोकं) पुरेल का, आणि सीओटूत किरण वळवणारे आरसे जुळवणं, ट्यूबचं पाणी थंड ठेवणं हा व्याप रोजचाच असतो का?