मोजा गिळल्याचा क्लेम ‘पूर्वीचा आजार’ म्हणून नाकारला. दाद मागू की कंपनी बदलू?

चंदेरी_मिशी

दोन प्रश्न आहेत, एकमेकांत गुंतलेले.

लॅब्रॅडॉर कुत्री, वय १९ महिने, विमा सुरू होऊन ८ महिने झाले. गेल्या महिन्यात तिच्या लहान आतड्यात मोजा अडकला, ऑपरेशन करून काढावा लागला. क्लेम पूर्ण नाकारलाय. पत्रात एकच ओळ आहे: ‘उलट्यांचा त्रास विम्यापूर्वीपासून, पूर्वीचा आजार, सबब देय नाही.’ विमा सुरू होण्याच्या ३ आठवडे आधी केसपेपरवर ‘कालपासून दोनदा उलटी’ अशी नोंद आहे, हे खरं. इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी ठीक. त्यानंतर थेट ऑपरेशनपर्यंत उलटीची एकही नोंद नाही. यावर दाद कशी मागायची?

दुसरं म्हणजे, रिन्यूअल ४ महिन्यांवर आलंय. कंपनी बदलावी का? त्याच वेळी ६ वर्षांच्या बोक्याचाही विमा काढायचाय. त्याला गेल्या वर्षी एकदा लघवीचा त्रास झाला होता. माहितीपत्रकांत सगळ्याच पॉलिसी सारख्या दिसतात. निवडताना नेमकं काय वाचायचं?

---

कलम_वाचणारा

आधी क्लेमचं बघा, कारण नकाराच्या पत्राच्या तारखेपासून अपिलाची मुदत मोजली जाते.

फोन करू नका, ईमेल करा, आणि त्यात चारच गोष्टी विचारा. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नकार दिला? केसपेपरवरच्या कोणत्या तारखेच्या नोंदीवरून? हा निर्णय पशुवैद्याने पाहिला होता का? आणि अपिलाची शेवटची तारीख कोणती? उत्तर येईपर्यंत बाजू मांडायला जाऊ नका. एका ओळीच्या नकाराला तुम्ही पानभर उत्तर दिलंत, तर पुढच्या पत्रात कारणच बदलून येऊ शकतं. आधी त्यांना एका कारणावर लेखी बांधून घ्या.

दरम्यान पॉलिसीचे पूर्ण नियम उघडा. माहितीपत्रक नाही, पूर्ण नियम, आणि ज्या वर्षी घटना घडली त्या वर्षीचे. त्यात ‘पूर्वीचा आजार’ याची व्याख्या शोधा. बहुतेक ठिकाणी ती ‘विमा सुरू होण्याआधी किंवा प्रतीक्षा कालावधीत ज्याची लक्षणं दिसली असा आजार वा इजा’ अशा धाटणीची असते (प्रतीक्षा कालावधी म्हणजे विमा सुरू झाल्यावरचा, क्लेम न मिळणारा सुरुवातीचा काळ). निदान झालेलं असण्याची गरज नसते, लक्षण पुरेसं असतं. पण ते लक्षण *त्याच* आजाराचं असावं लागतं, आणि तुमचं सगळं अपील या एका शब्दावर उभं राहतं. उलटी हा आजार नाही, ते लक्षण आहे. पोट बिघडल्यानेही उलटी होते, आतडं तुंबल्यानेही होते. दोन्हींचं कारण वेगळं असेल तर आजारही वेगळा.

मात्र एक कच्ची बाजू आहे आणि ती आधीच ओळखून ठेवा. गिळलेली वस्तू कधी कधी आठवडेच्या आठवडे जठरात पडून राहते आणि मग पुढे सरकून आतड्यात अडकते. ‘मोजा तेव्हापासूनच पोटात असेल’ असं कंपनी म्हणू शकते. आणि कापड साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून तेव्हाचा एक्स-रे असला तरी एवढ्याने भागत नाही. इथे उपयोगी पडतं ते वजन. मधल्या ८ महिन्यांत लसीला किंवा जंताच्या औषधाला नेलं असेल तेव्हा वजन लिहिलेलं असतं. वाढत्या वयाच्या कुत्रीचं वजन ठीक वाढलंय, खाणंपिणं व्यवस्थित असल्याची नोंद आहे, उलटी नाही, तर मोजा इतके महिने पोटात होता असं म्हणणं अवघड होतं.

डॉक्टरांकडून पत्र घ्या, पण ‘कृपया क्लेम मंजूर व्हावा’ छापाचं नको. त्यात एवढं हवं: आधीच्या उलट्यांचं त्यांच्या मते कारण काय होतं, त्या कधी आणि कशाने थांबल्या; मधल्या भेटींच्या तारखा, वजन, तपासणीतले निष्कर्ष; ऑपरेशनमध्ये वस्तू नेमकी कुठे सापडली आणि आतड्याच्या भिंतीची अवस्था कशी होती (त्या जागी ताजी सूज होती की जुना, जाड झालेला भाग, हे ऑपरेशनच्या टिपणात असतं); आणि शेवटी ‘दोन्ही घटनांचा संबंध नाही’ किंवा ‘असण्याची शक्यता फार कमी’ हे त्यांचं मत, कारणासह. सोबत ऑपरेशनचं टिपण, सोनोग्राफीचा अहवाल, काढलेल्या वस्तूचा फोटो.

अपिलाचं पत्र एका पानात बसवा: कलमाचे शब्द, तुमच्या केसमधली वस्तुस्थिती, जोडलेला पुरावा, मागणी. ‘आम्ही वेळेवर हप्ते भरले’ याने काही हलत नाही. कंपनीतल्या पशुवैद्याने फेरतपासणी करावी अशी मागणी स्पष्ट लिहा. पुन्हा नकार आला तर तक्रार निवारण विभाग, आणि त्यानंतर विमा लोकपाल किंवा नियामकाची जी व्यवस्था असेल ती. तिथे बहुधा कंपनीचं शेवटचं लेखी उत्तर, किंवा ठरलेल्या मुदतीत उत्तरच न आल्याचा पुरावा मागतात. म्हणून प्रत्येक ईमेलला तक्रार क्रमांक घ्या.

---

टोकेरी

निवडीबद्दल लिहितो. हप्ता सगळ्यात शेवटी बघा.

पहिला प्रश्न विम्याच्या मर्यादेचा: ती कशी भरून येते? चार तऱ्हा असतात. फक्त अपघाताची पॉलिसी, जी आजार घेत नाही. मुदतीची, ज्यात एक आजार सुरू झाल्यापासून १२ महिने खर्च मिळतो आणि मग तो कायमचा वगळला जातो. प्रति-आजार रकमेची, ज्यात वेळेचं बंधन नसतं पण रक्कम संपली की त्या आजारापुरतं दार बंद. आणि दर वर्षी मर्यादा नव्याने भरून येणारी. हाड मोडलं तर या सगळ्या सारख्याच दिसतात. फरक कळतो तो मधुमेह, त्वचेची ॲलर्जी, अपस्मार, सांधेदुखी अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्यांत. मुदतीच्या पॉलिसीत इन्सुलिनचं पहिलं वर्ष मिळतं आणि पुढची सगळी वर्षं तुमच्या खिशातून जातात. लॅब्रॅडॉरला कोपरा-खुब्याचे सांधे आणि गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) ही दुखणी लागण्याची शक्यता बरीच असते. माझ्या मते तिच्यासाठी चौथी तऱ्हाच घ्यावी. तेवढा हप्ता झेपत नसेल तर डिडक्टिबल (खर्चातली आधी तुम्हीच भरायची ठरावीक रक्कम) वाढवा, तऱ्हा उतरवू नका.

दुसरा, वजावटीचा क्रम. बिल १०० धरा. त्यातले १० नियमात बसत नाहीत, उरले ९०. डिडक्टिबल २०, को-पे (खर्चातला तुमचा टक्केवारीतला वाटा) २० टक्के. आधी डिडक्टिबल वजा केलं तर ७० उरतात, त्याचे ८० टक्के म्हणजे ५६ हाती येतात. आधी को-पे लावला तर ७२, त्यातून २० गेले की ५२. आकडे तेच, फक्त क्रम वेगळा. डिडक्टिबल वर्षातून एकदा आहे, दर आजाराला आहे की दर क्लेमला, हे तर त्याहून महत्त्वाचं. दर क्लेमला असेल तर कानाच्या संसर्गासारखी छोटी, पुन्हा पुन्हा येणारी बिलं जवळजवळ कधीच मिळत नाहीत. काही पॉलिसींत जनावराचं वय ठरावीक वर्षांपुढे गेलं की को-पे आपोआप सुरू होतो. ते कलम नियमांत तळाशी असतं.

तिसरा, दोन्ही बाजूंचं कलम. डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध विम्याआधी तुटला असेल तर उजवाही ‘पूर्वीचा’ धरतात, मग तो नंतर कधीही तुटो. खुबा, गुडघ्याची वाटी, मोतीबिंदू यांनाही काही कंपन्या हेच लावतात. मोठ्या कुत्र्यांत एक बाजू गेल्यावर दुसरी जाणं नेहमीचं आहे, तेव्हा हे कलम कागदापुरतं नाही. लंगडण्याची साधी नोंदही इथे आड येऊ शकते.

चौथा, प्रतीक्षा कालावधी. अपघाताला काही दिवस, आजाराला साधारण १४ ते ३० दिवस, अस्थिबंध आणि खुब्याला कधी कधी ६ महिने. त्या काळात *दिसलेलं* लक्षण बहुधा कायमचं वगळलं जातं. उपचार नंतर केले तरी फरक पडत नाही.

दात, वर्तनाचे उपचार, फिजिओथेरपी, तपासणी फी, औषधी आहार हे प्रत्येकी ‘आहे, नाही की अमुक टक्के’ एवढंच लिहून ठेवा. दातांत मात्र बघा की अपघाताने मोडलेला दातच घेतात की हिरड्यांचा आजारही, आणि त्यासाठी दर वर्षी दात तपासल्याची नोंद लागते का. लसीचंही तसंच: लस चुकली आणि नेमका त्याच रोगाने आजारी पडला तर क्लेम मिळत नाही.

---

दवाखाना_काउंटर

वरच्या दोघांशी सहमत. कागद जिथे तयार होतात तिथली थोडी भर.

केसपेपरवर जे मालक बोलतात ते लिहिलं जातं. ‘अधूनमधून लंगडते, बरेच दिवस झाले’ असं सहज म्हटलं की ‘बरेच दिवस’ हे शब्द कायमचे कागदावर बसतात, आणि कंपनी लक्षण सुरू झाल्याची तारीख त्यावरूनच ठरवते. खोटं सांगू नका, पण मोघमही बोलू नका. ‘परवा संध्याकाळी पळून आल्यावर उजवा मागचा पाय उचलला, त्याआधी नाही’ असं सांगा. बाजू सांगा, दिवस सांगा. बरं झाल्यावर फोनवर कळवून ‘पूर्ण बरी, औषध बंद’ ही नोंद तारखेसह करून घ्या. बरेच पेपर ‘औषध ५ दिवस’ वर संपतात आणि दुखणं कागदावर उघडंच राहतं.

वर्षातून एकदा पूर्ण इतिहास मागून वाचा. डावं-उजवं उलट लिहिलेलं, दुसऱ्याच जनावराची ओळ चुकून आलेली, असं आढळलं तर दुरुस्ती मागा. जुनी ओळ खोडायची नसते. खाली तारीख-सहीसह दुरुस्तीची नोंद करायची असते. क्लेम नाकारल्यावर जुनी नोंद बदलून द्या असा आग्रह धरू नका, डॉक्टर ते करणार नाहीत आणि करूही नये.

बिल तपशीलवार घ्या: भूल, शस्त्रक्रिया, सलाइन, प्रत्येक औषध, राहण्याचे दिवस वेगळे. ‘ऑपरेशन पॅकेज’ एवढंच असेल तर एका न बसणाऱ्या गोष्टीपायी सगळं बिल अडकतं. बिलावर मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) १५ अंकी क्रमांक हवा आणि तो पॉलिसीशी जुळायला हवा. एक अंक चुकला तरी फाइल परत येते. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर अंदाजपत्रक आधी पाठवून लेखी पूर्वमंजुरी घ्या.

---

चंदेरी_मिशी

मनापासून आभार. सकाळी चार प्रश्नांचा ईमेल पाठवला. वजनाच्या नोंदी मिळाल्या: १० महिन्यांना २३ किलो, बूस्टरच्या वेळी २५, ऑपरेशनच्या २ महिने आधी २७.५. कंपनी बदलण्याबद्दल आणि बोक्याबद्दल कोणी सांगेल का?

---

बोकोबा

वजनं चांगली आहेत. ती तारखांसह अपिलाच्या पत्रातच लिहा, नुसती जोडू नका.

अपील निकाली निघेपर्यंत कंपनी बदलू नका. बदललीत की प्रतीक्षा कालावधी पुन्हा पहिल्यापासून, आणि आजवर जे जे केसपेपरवर आलं ते सगळं नव्या कंपनीसाठी ‘पूर्वीचं’. उलटी, आतड्याचं ऑपरेशन, त्यानंतर कधी चिकटलेली आतडी, सगळंच. अपील जिंकलात तर जुन्या ठिकाणी ही घटना विम्याच्या काळातली ठरते आणि तिच्यातून पुढे उद्भवणारं दुखणंही पॉलिसीच्या मर्यादेत राहतं. हरलात, तरच दोन्हींची तुलना करा, आणि तेव्हाही नवी पॉलिसी सुरू होऊन तिचा प्रतीक्षा कालावधी संपेपर्यंत जुनी चालू ठेवा. फक्त दोन पॉलिसी एका वेळी चालतात का हे दोन्हींच्या नियमांत बघा, आणि एकच बिल दोन्हीकडे पूर्ण लावू नका. रिन्यूअलच्या कागदावर नवं वगळलेलं कलम गुपचूप आलंय का तेही तपासा. ‘पचनसंस्थेचे सर्व आजार’ असं असेल तर ते ‘गिळलेली वस्तू’ एवढ्यापुरतं मर्यादित करा असं लेखी मागा. काही पॉलिसी गिळलेल्या वस्तूचा खर्च एकदाच देतात, तेही विचारून घ्या.

बोक्याच्या अर्जात लघवीचा त्रास लिहाच. लपवलात तर पुढच्या एखाद्या मोठ्या क्लेमच्या वेळी जुना केसपेपर मागवला जातो आणि मग तो क्लेमच नाही, पॉलिसीच रद्द होऊ शकते. लिहिताना नेमकं लिहा: तारीख, लघवीच्या तपासणीत खडे-स्फटिक होते की जंतू की काहीच नाही, किती दिवसांत बरं झालं. कारण न सापडलेली मूत्राशयाची सूज आणि स्फटिकांमुळे अडलेली लघवी यांत फरक आहे. तो कागदावर नसेल तर कंपनी ‘संपूर्ण मूत्रमार्ग आणि मूत्रपिंड’ वगळून मोकळी होते. मांजराला वय झाल्यावर मूत्रपिंडाचा आजार होणं फार सामान्य आहे, म्हणजे नेमकं गरजेचं तेच हातातून जातं. अर्जाआधी लघवी आणि रक्ताची तपासणी करून घ्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) आणि लघवीची घनता धरून. मूत्रपिंड ठीक असल्याचा त्या तारखेचा पुरावा हाती राहतो. तपासणीत काही निघालं तर तेही सांगावं लागेल, हे मात्र धरून चाला.

काही पॉलिसींत बऱ्या होण्यासारख्या दुखण्याला ६, १२ किंवा २४ महिने लक्षण आणि औषध दोन्ही नसेल तर ते ‘पूर्वीचं’ धरत नाहीत. बोक्यासाठी अशी पॉलिसी शोधा. औषधी आहार चालू असेल तर तो उपचार धरतात का ते लेखी विचारा, कारण धरत असतील तर घड्याळ सुरूच होत नाही. आणि फार थांबू नका. बऱ्याच पॉलिसी ७ ते १० वर्षांच्या पुढे नवीन जनावर घेत नाहीत, तो ६ चा आहे.

विम्याशी संबंध नसलेलं, पण सांगायलाच हवं असं एक: बोका पुन्हा मातीत वारंवार बसतोय आणि थेंबही येत नाहीये असं दिसलं, तर पूर्वमंजुरीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. लघवी पूर्ण अडली तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेततं. तातडीच्या उपचारांना नंतर कळवण्याची मुदत असते, बहुधा २४ ते ४८ तास. ती तुमच्या पॉलिसीत किती आहे ते आजच बघून ठेवा.