पॅसिव्ह प्रीअँपवर फक्त एलपीचा डग्गा विरळ ऐकू येतो – मदत हवी आहे

मंडळी, ऑडिओतल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

घरी टर्नटेबल, सीडी प्लेयर आणि टीव्हीचा डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारी डबी) असे तीन सोर्स आहेत. पॉवर अँप जुना, सेकंडहँड घेतलेला. त्याला व्हॉल्यूमही नाही आणि सिलेक्टरही नाही. इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध) ४७ किलोओहम. म्हणून पुण्यातल्या तापकीर गल्लीतून अॅल्युमिनियमचा डबा, आरसीए सॉकेट, रोटरी स्विच आणि १० किलोओहमचा लॉग स्टिरिओ पॉट (बदलता रेझिस्टर) आणून पॅसिव्ह, म्हणजे सिग्नल न वाढवणारा, प्रीअँप बनवला. आत सर्किट असं काहीच नाही. स्विच सोर्स निवडतो, पॉट आवाज कमी करतो. अँप स्पीकरजवळ असल्यामुळे मधली केबल ५ मीटर आहे.

सीडी अप्रतिम वाजते. तानपुऱ्याची जवारी इतकी स्वच्छ मी घरात कधी ऐकली नव्हती.

अडचण एलपीची आहे, आणि हा सगळा खटाटोप वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय गायनाच्या तबकड्यांसाठीच आहे. फोनो स्टेज (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) व्हॉल्व्हचा, एका कारागिराकडून घेतलेला: ईसीसी८३ व्हॉल्व्ह आणि शेवटी कॅथोड फॉलोअर (आउटपुट देणारा टप्पा). विलंबित ख्यालात तबल्याची चाट लख्ख ऐकू येते, पण मनगट घासून काढलेली डग्ग्याची घुमक पुसट होते. हाच फोनो मित्राच्या १०० किलोओहम इनपुटच्या अँपला थेट लावला तर डग्गा भरदार! शिवाय एलपीला पॉट जवळजवळ पूर्ण उघडावा लागतो, आणि टीव्ही चालू असेल तर शांत जागी बातम्यांची कुजबुज ऐकू येते.

पॉट ५० किलोओहमचा घालू की सरळ अॅक्टिव्ह प्रीअँप घेऊ?

प्रतिसाद १

तुमच्या मित्राकडच्या प्रयोगातच उत्तर आहे. फोनोच्या आउटपुटला कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) असणार. त्याची व्हॅल्यू बघून सांगा. झाकण उघडण्याआधी प्लग काढा आणि पुरवठ्याचे कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करा. आत २००-३०० व्होल्ट असतात.

धागाकर्ता

बघितलं. दोन्ही चॅनलना ०.२२ मायक्रोफॅरड.

प्रतिसाद १

मग हिशोब सरळ आहे. ०.२२ मायक्रोफॅरडला १० किलोओहमचा पॉट लावला की साधारण ७० हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने उतरतो, आणि त्याखालच्या स्वरांना आणखी. डग्ग्याची घुमक त्याच पट्ट्यात असते. १०० किलोओहमला तोच उतार ७ हर्ट्झपर्यंत खाली जातो. सीडी प्लेयर आणि डॅकचं आउटपुट १० किलोओहम सहज चालवतं, म्हणून तिथे काही जाणवलं नाही.

५० किलोओहमचा पॉट मी तरी घालणार नाही. पॉटचा आउटपुट इम्पिडन्स सर्वात वाईट जागी त्याच्या व्हॅल्यूच्या पाव असतो, म्हणजे साडेबारा किलोओहम. ५ मीटर केबलचा कपॅसिटन्स धरा ५०० पिकोफॅरड. दोन्ही मिळून वरचे स्वर २० किलोहर्ट्झच्या आतच किंचित मवाळ होतील. १० किलोओहमच्या पॉटला हा प्रश्न नाही. त्यापेक्षा फोनोतला कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन करा. त्या कारागिराकडूनच करून घ्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कपॅसिटरच्या पुढे आउटपुट ते ग्राउंड असा १ मेगओहमचा रेझिस्टर आहे का ते बघा. नसेल तर स्विच दुसऱ्या सोर्सवर असताना ते टोक अधांतरी राहतं, आणि फोनो निवडताच वूफरला जबर धक्का बसतो. कपॅसिटर मोठा केल्यावर हा धक्काही वाढेल. फोनो आधी चालू करा, एक मिनिट जाऊ द्या, पॉवर अँप शेवटी. बंद करताना अँप आधी.

पॉट उघडावा लागतो यात बिघाड काही नाही. सीडीचं आउटपुट २ व्होल्ट, आणि ४ मिलिव्होल्टच्या काडतुसाला (टर्नटेबलच्या सुईच्या भागाला) ४० डेसिबल गेन, म्हणजे शंभरपट वाढ, दिला तरी ०.४ व्होल्टच येतं. आवाज पुरत असेल तर अॅक्टिव्ह प्रीअँपचा खर्च कशाला?

प्रतिसाद २

कुजबुज स्विचमधून येते. शेजारच्या दोन कॉन्टॅक्टमधल्या कपॅसिटन्समधून टीव्हीचा सिग्नल झिरपतो, आणि एलपीला पॉट उघडा असल्याने तो ऐकू येतो. फोनो आणि टीव्ही यांच्या मधली पोझिशन रिकामी ठेवून तिचे कॉन्टॅक्ट ग्राउंडला जोडा. आतली वायर शिल्डेड घ्या. स्विच नॉन-शॉर्टिंगच आहे ना? शॉर्टिंग असेल तर फिरवताना क्षणभर दोन सोर्सची आउटपुटं एकमेकांना जोडली जातात. त्यात मधली पोझिशन ग्राउंड केली तर फोनोचं आउटपुटही क्षणभर शॉर्ट होईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. स्विच मीटरने तपासला, नॉन-शॉर्टिंगच आहे. १ मेगओहमचा रेझिस्टर फोनोत दिसत नाही. तो फोनोऐवजी माझ्या डब्यात, सॉकेटवरच लावला तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल, फक्त स्विचच्या आधी, फोनोच्या सॉकेटवर लावा. दोन्ही चॅनलना.