इफिसकरांस पत्रातली 'खंडणी' पोरांना कशी समजावू?

नगरी_पांथस्थ: सलाम सगळ्यांना. रविवारी तरुण संघात इफिस १:७ वर (पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय, सातवं वचन) बोलायचंय. आपल्या मराठी बायबलात तिथे खंडणी भरून मिळवलेली मुक्ती असं आहे, मागच्या आठवड्यात वाचून दाखवलं तर एक पोरगा म्हणाला खंडणी तर गुंड मागतात ना, मग देवाने कुणाला भरली? मला उत्तरच सुचेना. कृपा, विश्वास, तारण म्हणजे पापातून सुटका, सगळं लहानपणापासून ऐकतोय पण इथे अडलोय. कसं सांगू?

वचनवेडा: मूळ ग्रीक शब्द आपोलुत्रोसिस, म्हणजे किंमत भरून सोडवणं. पत्र ऐकणाऱ्यांत गुलाम होतेच, सहाव्या अध्यायात पौल थेट त्यांच्याशी बोलतो, आणि लिहिणारा स्वतः बेड्यांत (६:२०). त्या लोकांना हा शब्द समजावून सांगायची गरजच नव्हती. कुणाला भरली हा वाद फार जुना आहे, ओरिगेन नावाचा जुना ख्रिस्ती पंडित म्हणाला सैतानाला, चौथ्या शतकात नाझियांझसच्या ग्रेगरी या बिशपने ते साफ नाकारलं. पत्रात घेणाऱ्याचं नावच नाहीये. किंमत सांगितलीय, ख्रिस्ताचं रक्त, आणि पदरात काय पडलं ते सांगितलंय, क्षमा. पोरांसमोर मी त्याच्या पुढे जाणार नाही.

संडेस्कूलची_ताई: मी मुलांना खंडणी म्हणतच नाही, "सोडवून आणलं" म्हणते. ७२ च्या दुष्काळात आजीच्या पाटल्या सावकाराकडे गहाण पडल्या, पुढे वडिलांना नोकरी लागल्यावर त्यांनी पै पै जमवून सोडवून आणल्या. पाटल्या आमच्याच होत्या, पण आपणहून थोड्याच परत येणार होत्या, कुणीतरी जाऊन पैसे मोजायलाच लागतात. याच पत्रातलं २:८-९ मला तिथे कळलं, तारण हे दान आहे, कमाई नाही. फक्त येशूचा शिष्य पेत्र म्हणतो तसं (१ पेत्र १:१८-१९) आपल्यासाठी सोनंचांदी नाही, ख्रिस्ताचं रक्त मोजलं गेलं, हे सांगताना दरवेळी माझा गळा भरून येतो.

भाकरतुकडा: ताई छानच. पण दादा, ९ वर थांबू नका हं, पोरं लगेच म्हणतील मग आम्ही काहीच करायला नको. १० वं वचन वाचाच, सत्कृत्यांसाठी घडवलंय आपल्याला. बायबलातल्या आपल्या पत्रात याकोबही तेच म्हणतो, कृतीशिवाय विश्वास निर्जीव. कामं तारणाच्या आधी नाहीत, नंतर आहेत, एवढंच. ताई, सोडवलेल्या पाटल्या मग पेटीत ठेवल्या का आजींनी?

संडेस्कूलची_ताई: छे हो, लगेच हातात घातल्या. भाकरी थापताना त्यांचा आवाज यायचा, आम्ही अंथरुणात असायचो तेव्हा.

नगरी_पांथस्थ: ताई, हे रविवारी सांगू का?